व्याह्यांचं जायफळ

आमच्या देवासच्या व्याह्यांइतका कमी स्वयंपाक करणारा आणि जास्त स्वयंपाक करवून घेणारा माणूस अख्ख्या माळव्यात शोधून सापडायचा नाही. कणीक ते मळत नाहीत, भाजी ते चिरत नाहीत, मटार तर त्यांनी जन्मात सोलला नसेल. आणि तरी दर रविवारी त्यांच्या घरी सणाचं ताट वाढलं जातं. रविवार उजाडला की टेकडीच्या पायथ्याची त्यांची गल्ली आपली झाडून सगळी पोरं त्यांच्या स्वयंपाकघरात आणून रिकामी करते. कुणी लसूण सोलतंय, कुणी कोथिंबीर निवडतंय, कुणी नुसतंच बटाट्याकडे बघत बसलंय, आणि मधोमध इस्त्रीचा सदरा घालून, हात मागे बांधून आमचे व्याही उभे. विस्तवाचं खातं तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे. गॅस पेटवणं, पोळी उलटणं, कढई उतरवणं ही कामं त्यांची. बाकी सगळं राज्य पोरांचं. माझी मंजिरी त्या घरात दिली तेव्हापासून मी धारहून बसने देवासला जाते, आणि दर वेळी निम्मी हसत, निम्मी चरफडत परत येते.

राज्य म्हटलं ते उगीच नाही. देवासात पूर्वी एकाच गावात दोन राजे नांदत होते, एक थोरल्या पातीचे आणि एक धाकट्या पातीचे. रस्त्याची ही कड यांची तर ती कड त्यांची. व्याह्यांचे पणजोबा म्हणे थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होते आणि दुपारी जेवायला परराज्यात जात, कारण घर पलीकडच्या कडेला होतं. आम्हा धारच्या लोकांना एकच राजा पुरला, त्यामुळे या प्रकाराचं मला कधी विशेष कौतुक वाटलं नाही. पण व्याह्यांच्या रक्तातच तो आहे, त्यातून नोकरी झाली जमीन मोजणीच्या खात्यात. त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवरून थेट ओट्यापर्यंत गेरूची एक रेघ ओढली आहे. रेघेच्या अलीकडे थोरली पाती, म्हणजे लाटणं-विळी हाताळण्याइतकी मोठी मुलं. पलीकडे धाकटी पाती, म्हणजे निवडणारी, सोलणारी आणि सांडणारी. दोन्ही राज्यांचे डबे वेगळे, चमचे वेगळे, मिठाच्या बरण्यासुद्धा वेगळ्या. थोरल्या पातीची दिवाण खालच्या मजल्यावरची चीकू, सहावीत आहे, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. धाकट्या पातीचा दिवाण गोलू, त्याचे पुढचे दात अजून यायचे आहेत. एकदा भज्यांच्या पिठात घालायचा ओवा कुणाच्या हद्दीतला यावरून दोघांत जुंपली, तेव्हा व्याह्यांनी गॅस बंद केला, कपाटातून मोजणीची टेप काढली आणि गुडघ्यावर बसून फरशी मोजली. ओवा धाकट्या पातीचा निघाला. तोवर पीठ आंबायला लागलं होतं, पण न्याय झाला.

पंगत बसली की त्यांचा दुसरा कारभार सुरू होतो. गोलू पोळीची कड कुरतडून खातो आणि मधला चंद्र तसाच ठेवतो. चीकू वरण आणि भात यांची गाठ पडू देत नाही, मध्ये लोणच्याचा बांध घालते. एक मुलगी सगळी चटणी आधी संपवते आणि मग डोळ्यांतलं पाणी पुसत उरलेलं जेवते. असल्या खोडी मोडण्यात आम्ही बायकांनी हयात घालवली. व्याही मात्र पंगतीतून फिरत त्या खोडी कौतुकाने न्याहाळतात. मी एकदा न राहवून बोलले, तर म्हणाले, "असू द्या, विहीणबाई. खाण्याची खोड म्हणजे माणसाची सही. उद्या ती बदलली तर ओळखायचं कसं?"

त्यांच्या पंगतीत एकच गोष्ट वर्ज्य आहे, आणि ती म्हणजे 'छान' हा शब्द. छान, मस्त, बढ़िया, यांतलं काहीही तोंडातून गेलं की त्याने जेवणानंतर सगळ्या पंगतीची जागा पुसायची. या पंगतीला पहिल्यांदा बसले तेव्हा मी, घरची मानाची विहीण, "कढी छान झालीय हो" म्हणाले आणि हातात फडकं आलं. पदार्थ कसा झाला ते नीट सांगायचं, असा नियम. व्याही पहिला घास घेतात, हात ताटात टेकवतात आणि विचारतात, "हं, बोला. कढी कशी आहे?" मग पोरं विचारात पडतात. गोलू म्हणतो, "आजोबाजी, ऐसी लग रही है जैसे ठंड में स्कूटर पे पापा को पीछे से पकड़ के बैठे हों." चीकू म्हणते, "भुट्टे का कीस आज छुट्टी के पहले वाले पीरियड जैसा है, जब मालूम हो कि सर नहीं आने वाले." व्याही डोळे मिटून ऐकतात. ऐकून झालं की मग त्यांचा घास तोंडात फिरायला लागतो, सावकाश. मला वाटायचं, काय हे नाटक! पोरांना गरम गरम जेवू द्यावं की नाही?

नाटकांत नाटक म्हणजे वासाची पाळी. गॅसच्या बाजूला, जरा लांब, एक उंच स्टूल आहे. त्यावर दर रविवारी कुणीतरी एक मूल बसल्याशिवाय व्याही काडी ओढत नाहीत. त्या मुलाने दुसरं काही करायचं नाही. वास घ्यायचा आणि ओरडायचं. "जिरं आलं!" "हिंग आला!" "कांदा अभी गुलाबी है!" "आजोबाजी, लसूण जल रिया है, जल रिया है!" की व्याही लगबगीने कढई उतरवणार. रोज सकाळी दूध आलं की तेसुद्धा आधी आमच्या नातीच्या, जुईच्या नाकाखाली जातं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, देवाने नाक तुम्हालाही दिलंय की." तर म्हणाले, "माझं नाक पेन्शनीत निघालं, विहीणबाई. आता नवी भरती."

आणि मग जायफळ. त्याची कथा व्याह्यांच्या बायकोपासून, माझ्या विहीणबाईंपासून सुरू होते. त्या होत्या तेव्हा त्यांच्या पुरणपोळीची कीर्ती देवासपासून इंदूरपर्यंत होती, आणि त्या कीर्तीत निम्मा वाटा जायफळाचा होता. मंजिरीच्या लग्नाच्या याद्या करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी आधी जेवायला बसवलं. पोळ्या खाऊन दोन्हीकडची मंडळी जी तक्क्यांना टेकली ती दिवेलागणीलाच उठली. मानपानाचं एकही भांडण होऊ शकलं नाही. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, "जायफळ जरा जास्तच पडतं हो तुमच्या हातून." त्या हसून म्हणाल्या, "जागं राहून कुणाचं भलं झालंय, विहीणबाई?" पुढे ती मोठी साथ आली. नवरा-बायको एकदमच आजारी पडले, आणि व्याही एकटे घरी परत आले. रविवारचं हे राज्य त्यानंतरचं. मला वाटलं, बायको गेल्यावर सुनं वाटणारं घर भरायला माणूस काहीतरी करणारच.

तर त्या राज्यात जेवणाआधीचं शेवटचं काम जायफळाचं. गोडाचं काही असो, नसो, अगदी नुसतं दूध असलं तरी त्यात जायफळ पडायचंच. नात किसणी धरून बसायची आणि व्याही तिच्या हातावर मान वाकवून, डोळे मिटून सांगायचे, "किस. मी थांब म्हणेपर्यंत किस." ते थांब म्हणायचं विसरायचे. शेवटी चीकूच डोळे वटारून किसणी काढून घ्यायची. व्हायचं तेच व्हायचं. जेवणं झाली की दोन्ही पात्यांची प्रजा सतरंजीवर आडवी. कुणाचं डोकं या राज्यात, तर पाय त्या राज्यात. खिडकीतून कडुलिंबाची सावली यायची, पंखा फिरायचा आणि दुपार त्या खोलीत येऊन थांबायची. आत डोकावलं की आपल्यालाही वाटायचं, टेकावं जरा. मी मनाशी म्हणायची, म्हातारा हुशार आहे, पोरांना गुंगवून शांतता मिळवतो.

या सगळ्या राज्यात माझा जीव अडकला होता तो नातीत. जुई आमची. वासाच्या पाळीला तिच्यासारखं नाक नाही, कणीक तर अशी मळते की बघत राहावं, पण खायच्या नावाने शून्य. पांढरं असेल तेवढंच खाणार. दूध, साय, मुरमुरे आणि तिन्ही त्रिकाळ दहीभात. पिवळं वरण पुढे केलं की मान फिरवायची. पंगतीत तिची पाळी आली की तेच दोन शब्द, "गार आहे. मऊ आहे." व्याही तेवढ्यावरही मान डोलवायचे. पोरगी वाळत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त कमी आहे, डाळी-भाज्या पोटात गेल्याच पाहिजेत. मंजिरी आणि जावई दोघंही नोकरीवाले, संध्याकाळी दमून येणार, ते तरी किती मागे लागणार? माझ्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी मी व्याह्यांना सांगून टाकलं, "भाऊसाहेब, हा खेळ पुरे. अक्षय तृतीयेला येते. तोवर पोरीने वरण तोंडात घेतलं नाही तर तिला धारला नेते, शाळासुद्धा तिकडचीच. मी शिकवते जेवायला."

काहीतरी मजेशीर उत्तर येईल म्हणून मी तयारीतच होते. पण ते हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "न्या. पोरीचं अंग भरलं पाहिजे. रविवारी मात्र..." फडक्याची घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

अक्षय तृतीयेला मी पोचले तेव्हा मंजिरी आणि जावई नेमावरला लग्नाला गेले होते. जुईच्या फ्रॉकांची बॅग भरून दाराशी ठेवलेली, म्हणजे वरण काही पोटात गेलेलं नव्हतं. आत मात्र दोन्ही राज्यं रंगात आली होती. पीपलरावां गावच्या गव्हाची कणीक भिजलेली, पुरण वाटून झालेलं, आंबे पिळायला घेतलेले. थोरली पाती पुरणपोळ्या लाटत होती. एकही गोल नव्हती, प्रत्येकीला एखाद्या तहसिलीचा आकार होता. पुरणाची डाळ थोरल्या पातीत शिजली आणि तिच्यावरचं पाणी, म्हणजे कट, आमटीसाठी रेघ ओलांडून धाकट्या पातीत गेला. इथेच घात झाला. आपल्या राज्यातून जाणारी वस्तू अळणी जाऊ नये म्हणून चीकूने आपल्या बरणीतलं मीठ सढळ हाताने घातलं. आपल्या राज्यात आलेल्या वस्तूला आपलंच मीठ हवं म्हणून गोलूनेही घातलं, तितक्याच सढळ हाताने. नैवेद्य दाखवायचा होता, त्यामुळे चाखायची सोय नव्हती. दोन राजांच्या गावातच असला अपघात होऊ जाणे.

नैवेद्य झाला, पंगत बसली. मी आमटीचा भुरका मारला आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. इकडेतिकडे पाहते तो सगळ्या पोरांचे चेहरे तसेच. गोलूचे गाल फुगलेले, गिळावं की काय करावं ते त्याला कळेना. आणि समोर व्याही शांतपणे वाटी तोंडाला लावून आमटी पीत होते. वाटी संपवली. "अजून वाढ गं, चीकू," म्हणाले. ती वाटीही निम्मी केली. मी बोलायला तोंड उघडलं, तर चीकूने माझा गुडघा घट्ट दाबला.

"हं, बोला," व्याही म्हणाले. "आमटी कशी आहे?"

कुणी बोलेना. चीकू गोलूकडे बघत होती, गोलू ताटाकडे. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कमी होत गेलं. तेवढ्यात जुईने, माझ्या पांढरं खाणाऱ्या नातीने, समोरची आमटीची वाटी ओढली आणि घोट घेतला. तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. पण तिने तो घोट गिळला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, खूप रडून झाल्यावर ओठ चाटले ना, की लागतं, तशी आहे."

व्याह्यांनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे खारट?"

"हो."

"किती?"

"आजी धारला परत जाते तेव्हा मी रडते, त्याच्यापेक्षा जास्त."

व्याही हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले, आणि मग पोरं जी सुटली ती आवरेनात. मला एकटीला हसू येत नव्हतं. वासाचं स्टूल, नातीच्या नाकाखाली जाणारं दूध, 'छान'वरची बंदी, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून जात होतं.

चीकू माझ्या कानाशी लागली. "नानीजी, आजोबाजी को कुछ पता नहीं चलता. न खुशबू, न स्वाद. जब से दादीजी गईं. हम सबको मालूम है."

"अगं, मग कुणाला सांगितलं का नाही?"

"मम्मी लोगों को पता चलता तो गैस बंद करवा देते ना! फिर संडे का क्या होता?"

व्याह्यांनी ते ऐकलं. "साथीतून उठलो ते असाच, विहीणबाई," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. थोडे दिवस वाट पाहिली. दुपारी एकट्याने जेवायला बसलं की ताटात नुसतं गार आणि गरम, मऊ आणि कडक. मग एक दिवस या चीकूने माझ्या घरी बसून पोहे खाल्ले आणि कसे लागतात ते सांगत बसली. मला वाटलं, अरे, हे तर पोहे! तेव्हापासून ऐकून जेवतो. सवय होते."

मी जुईलाच धरलं. "आणि तू गं? तुला तर सगळं कळतं ना? मग तू का नाही खात?"

जुईने माझ्याकडे असं पाहिलं की एवढी साधी गोष्ट मला कशी कळत नाही. "दहीभात गार लागतो, मऊ लागतो. तेवढं आजोबांना पण कळतं. मग मी तेच खाते. म्हणजे आजोबा एकटे नाही राहत."

मी या पोरीला जेवायला शिकवायला निघाले होते. व्याह्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला जवळ ओढलं. "वेडाबाई, तू दहीभात खाल्लास तर मला नुसता दहीभातच मिळतो ना? आज तू आमटी प्यायलीस, तर इतक्या वर्षांनी मला आमटी लागली. खारट का होईना."

हे जुईला पटलं असावं. तिने समोरच्या पिवळ्याधमक पुरणपोळीकडे जरा संशयाने पाहिलं, एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. सगळी पंगत तिच्या तोंडाकडे बघत होती. "गोड आहे," ती सावकाश म्हणाली. "आणि आपण खोटं खोटं झोपलेलो असतो ना, आणि कुणीतरी येऊन पांघरूण घालतं, तशी आहे." तिने दुसरा तुकडा मोडला. व्याह्यांनी डोळे मिटून घास घेतला. मग डोळे न उघडताच म्हणाले, "विहीणबाई, आता तुम्ही. पोळी कशी झालीय?"

'छान' अगदी ओठांवर आला होता. तो मी मागे लोटला. पोळी तोंडात घोळवली, आणि जे होतं तेच बोलले. "भाऊसाहेब, जायफळ फार झालंय. आमच्या विहीणबाईंच्या हातून पडायचं, अगदी तेवढं."

त्यांचा घास तोंडात थांबला. मान खाली गेली. गोलूसुद्धा कड कुरतडायचा थांबला. मग व्याह्यांनी मान हलवली, एकदा, आणि ताटातली पोळी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना ती लागली.

जेवणानंतर सतरंजी अंथरली गेली आणि दोन्ही राज्यं आडवी झाली. मीही म्हटलं, पाचेक मिनिटं टेकते आणि मग बसस्टँड गाठते, आता एकटीच. दाराशी जुईची बॅग होती, ती मी आधीच कपाटात नेऊन रिकामी केली होती. पंखा फिरत होता. कडुलिंबाची सावली भिंतीवर हलत होती. डोळे मिटत आले असताना स्वयंपाकघरातून बारीक खरखर ऐकू आली. जुई किसणी घेऊन बसली होती, व्याही तिच्या हातावर वाकले होते.

"आजोबा, आला का वास?"

"नाही गं, अजून."

"मग अजून किसू?"

"किस."

मला ओरडून सांगायचं होतं, पुरे आता, संध्याकाळपर्यंत कुणी उठायचं नाही. पण जीभ जड झाली होती, आणि खरखर ऐकत पडून राहावंसं वाटत होतं. मी कूस बदलली. धारची बस तोवर सुटलीही असेल.